माल उद्या येईन

आमच्या दुकानात सळई, सिमेंट, बाइंडिंग तार आणि खिळे मिळतात. अभिनय मिळत नाही. ही गोष्ट मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, दीड हजार रुपये भरून समजली. बाकीच्या जालन्याला ती आधीपासून ठाऊक होती.

एप्रिलच्या एका सकाळी शटर वर करायला गेलो, तर 'येथे जाहिराती लावू नयेत' या ओळीवर कुणीतरी बरोबर मधोमध जाहिरात लावून ठेवलेली. 'प्रौढांसाठी नाट्य कार्यशाळा. नाट्यलेखन, दिग्दर्शन आणि ऑडिशनची तयारी. पंधरा दिवस, सायंकाळी सहा ते नऊ. वयाची अट नाही. अनुभवाची गरज नाही.' सळईच्या धंद्यात इतक्या सैल अटींवर मी आजवर फक्त उधारी दिलेली आहे. कागद फाडायला हात वर केला होता, तो तसाच राहिला.

नाटकाचं आणि माझं नातं तसं जुनं. सातवीत असताना गॅदरिंगच्या नाटकात मी जासूद होतो. धावत यायचं, मुजरा करायचा आणि 'महाराज, गनीम पाण्यापर्यंत आला' असं सांगायचं. मी धावत आलो, मुजरा केला आणि पाणी प्यायला निघून गेलो. गनीम कुठवर आला ते महाराजांना शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्यानंतर मी चाळीस वर्षं काउंटरवर बसून ओरडलेलो आहे. ट्रकमधून सळईचं बंडल उतरत असताना ज्याचा आवाज भोकरदन नाक्यापर्यंत जातो, त्याला लोक कधी ना कधी 'तुम्ही नाटकात पाहिजे होते' असं म्हणतातच. मला तिघं म्हणाले होते. त्यातल्या दोघांकडं उधारी होती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही.

"अहो, मे महिना तोंडावर आलाय," बायको म्हणाली. "पावसाच्या आधी सगळ्या गावाला स्लॅब टाकायचाय. दुकान कोण बघंल?"

"पोरगा आहे. हमाल आहेत. दुकान आपोआप चालतं."

"मग तुम्ही इतके दिवस तिथं काय करायलात?"

या प्रश्नाचं उत्तर नसल्यामुळं मी नाव नोंदवलं.

जुन्या जालन्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये पहिल्या संध्याकाळी आम्ही अकरा जण जमलो. एक वायरमन होता, तो पायात बूट आणि कमरेला पक्कड अशा वेषात थेट खांबावरून आलेला. एक निवृत्त गुरुजी होते, ते आता कीर्तन करत. बियाण्यांच्या कंपनीतल्या एक मॅडम होत्या, ब्युटी पार्लर चालवणाऱ्या एक ताई होत्या, दोन एलआयसीवाले होते आणि ते एकमेकांकडं बघतही नव्हते. उरलेले चौघं कुणी पाठवलं म्हणून आलेले. शिकवणारे सर संभाजीनगरहून रोज साठ किलोमीटर येत. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकलेले, त्यामुळं प्रशांत दळवी, चंद्रकांत कुलकर्णी ही नावं ते आपल्या मावसभावांसारखी घेत. 'चारचौघी' १९९१ साली आलं, ते आपल्या मराठवाड्याच्या पोरांनी केलं, हे त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत दोनदा सांगितलं. मला ते नाटक माहीत होतं. बघितलं नव्हतं, पण माहीत होतं, आणि मी तशी मान हलवली. हा माझा त्या पंधरा दिवसांतला सर्वात सहज अभिनय.

पहिला व्यायाम डोळे मिटून होता.

"आडवे व्हा. तुम्ही मातीत पेरलेलं बी आहात," सर खोल आवाजात म्हणाले. "वर अंधार आहे. हळूहळू ओल लागते आहे…"

"सर, वाण कोणतं?" मॅडमचा आवाज आला.

जालन्यात हा व्यायाम घेणं जोखमीचं आहे, हे सरांना कुणी सांगायला हवं होतं. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली इथं महिको काढली, तेव्हापासून बी या विषयावर या गावात कुणी हळवं होत नाही. बी म्हटलं की लोक लॉट नंबर विचारतात. सर म्हणाले, वाण कुठलंही धरा. मॅडम म्हणाल्या, "कपाशी धरली तर पाच-सहा दिवस लागतील. आपली बॅच नऊला सुटती." गुरुजींनी पडल्यापडल्या सांगितलं की घरचं बी असेल तर ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळायचे आणि उगवलेले मोजायचे. वायरमन म्हणाला, "आपण अकराच आहोत, सात-आठ उगवले तरी लॉट पास." तेवढ्यात माझा फोन वाजला आणि त्या गर्भार शांततेत एका मिस्तरीनं स्पीकरवर विचारलं, "शेठ, बारा एमएम आज काय भाव?"

मी भाव सांगितला. पुन्हा डोळे मिटले. सकाळी आठपासून उभा असलेल्या माणसाला कुणी 'आडवे व्हा, वर अंधार आहे' असं सांगितलं, तर काय व्हायचं तेच झालं. जाग आली तेव्हा सगळे उगवून उभे होते, हात वर करून वाऱ्यावर डुलत होते, आणि मी घोरत होतो.

"हे बी कुजलं, सर," वायरमन म्हणाला.

पहिला आठवडा लेखनाचा. सरांनी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं: कुणाला तरी काहीतरी हवं आहे आणि मध्ये काहीतरी आडवं येतं आहे. बस, हे झालं नाटक. "तुमच्या रोजच्या जगण्यातलं असं काय आहे?" त्यांनी मला विचारलं. मी विचार करून म्हणालो, "सर, माझ्या जगण्यात तसं काही नाही. दुकान आहे."

मी घरी जाऊन खरं नाटक लिहायला घेतलं. कच्च्या वहीच्या कोऱ्या पानांवर तीन रात्री बसून तीन अंक लिहिले. नाव 'काचेपलीकडले सूर'. स्थळ: मलबार हिलवरचा दिवाणखाना. पात्रं: डॅडी, मम्मी, रोहन, शनाया, एक डॉक्टर, एक दुसरा डॉक्टर आणि पियानो. पहिली सूचनाच अशी होती की पडदा वर जाताना समुद्राची गाज ऐकू येते, डॅडी पाइप ओढत खिडकीशी उभे आहेत आणि त्यांच्या डोळ्यांत एक अनामिक पोकळी आहे.

वाचन झालं. हॉलमध्ये पंख्याचा आवाज तेवढा राहिला.

"गाज कुठून आणायची?" पार्लरवाल्या ताईंनी विचारलं. रास्त प्रश्न होता. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरमागं कळशी घेऊन पळालेल्या गावात समुद्र आणायचा म्हणजे गंमत नाही. फार तर मोती तलाव आहे, पण त्याला गाज नाही.

"पाइप म्हणजे दोन इंची का?" वायरमननं विचारलं. तो खरंच माहिती घेत होता.

"तुम्ही मलबार हिलला गेलात कधी?" सरांनी विचारलं.

"बसमधून बघितलं आहे."

"पियानो?"

"तो टीव्हीवर."

मी विषय बदलण्यासाठी विचारलं की जाहीर प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं पाठवावी लागते म्हणतात, तर दुसऱ्या अंकात रोहन शनायाचा हात धरतो, त्याला ते हरकत घेतील काय? सर म्हणाले, "दुसऱ्या अंकापर्यंत ते पोचले तर तुमचा सत्कार करू."

मग त्यांनी जांबची गोष्ट काढली. घनसावंगी तालुक्यातलं जांब समर्थ म्हटलं की आमच्या डोक्यात रामदास स्वामी येतात, १६०८ साली तिथं जन्मले ते. सरांच्या डोक्यात राजकुमार तांगडे येतात. त्या माणसानं गावातल्या शेतकऱ्यांना घेऊन नाटकं उभी केली. विजेच्या तारेवर आकडा टाकणाऱ्यांच्या जगण्यावर 'आकडा' लिहिलं. अतुल पेठ्यांनी मकरंद साठ्यांचं 'दलपतसिंग येती गावा' बसवायला घेतलं, राजस्थानातल्या माहितीच्या अधिकाराच्या लढ्याचं, तेव्हा ते पुण्या-मुंबईचे नट सोडून या जांबकरांकडं आले. आणि २०१२ साली 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' आलं. कल्पना आणि गाणी संभाजी भगतांची, लेखन तांगड्यांचं, दिग्दर्शन नंदू माधवांचं. महाराजांना न्यायला आलेला यम, त्यांचे हरवलेले विचार आणि कुणाच्या डोक्याला बसतो म्हणून फिरणारा जिरेटोप. त्यात नाचणारी-गाणारी माणसं आमच्याच जिल्ह्यातली, दिवसा शेतात असणारी. त्यातलाच कैलास वाघमारे पुढं सिनेमात गेला.

"यांतल्या कुणी पियानो आणला नाही," सर म्हणाले.

वायरमन मात्र वेगळ्याच कारणानं हेलावला होता. "म्हणजे तार आमची, आकडा त्यांचा आणि नाटक पण त्यांचं?" तो म्हणाला. "आम्ही पंधरा वर्षं ते आकडे काढायलो सर. मला कधी सुचलं नाही."

चहाच्या सुट्टीत मी माझं दुःख हलकं करायला मॅडमना दुकानातले किस्से सांगत बसलो. नाटक वगैरे नाही, आपलं असंच. उदाहरणार्थ, एका बाबांचा किस्सा. बदनापूरकडचे शेतकरी. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी खालचं घर बांधलं, आणि वरच्या मजल्यासाठी कॉलमच्या डोक्यावर सळया काढून ठेवल्या. आमच्याकडं अशा सळया घरोघरी दिसतात, लोक त्यांच्यावर चपला वाळत घालतात. या बाबांना वरचा मजला पोरासाठी हवा. दर दिवाळीला, कापूस विकला की येतात, बारा एमएमचा भाव विचारतात, पिशवीतला कागद काढून हिशेब करतात आणि गप्प होतात. तेव्हा मी म्हणतो, "बाबा, पण माल उद्या येईन." मग ते म्हणतात, "आस्सं का? मग उद्या येतो," आणि पुढच्या दिवाळीला येतात.

"आणि माल?" मॅडमनी विचारलं.

"माल असतो की! मागंच असतो ढीग. त्यांना पण दिसतो." मी हसलो. "नऊ वर्षं झाली, आमचा दोघांचा हा खेळ."

मॅडम हसल्या नाहीत. मला वाटलं, किस्सा सांगण्यात काहीतरी चुकलं. म्हणून मी त्यांना पुन्हा पियानोकडं वळवायचा प्रयत्न केला.

दिग्दर्शनाचा आठवडा सुरू झाला तेव्हा मात्र मला वाटलं, हे आपलं क्षेत्र. सरांनी आधी रंगमंचाची भाषा शिकवली. प्रेक्षकांकडची बाजू डाऊन स्टेज, मागची अप स्टेज. कारण युरोपातल्या जुन्या नाट्यगृहांत रंगमंच मागून पुढं उतरता असायचा. "उतार किती?" मी विचारलं. "बाथरूमला आपण दहा फुटाला दोन इंच देतो." सरांनी उतार बाजूला ठेवायला सांगितला. नट कुठून कुठं जाणार, कुठं थांबणार हे ठरवण्याला ब्लॉकिंग म्हणतात, ते खडूनं जमिनीवर आखून घ्या म्हणाले.

खडूनं? दुसऱ्या दिवशी मी दुकानातून सूत, ओळंबा, मेजरटेप आणि अर्धी गोणी फक्की घेऊन अर्धा तास आधी आलो. वीस बाय पंधराचा रंगमंच मी घराचा पाया आखतात तसा काटकोनात आखला, कर्ण मोजून गुण्यात घेतला. दार, खाट, खिडकी आणि प्रत्येक नटाच्या थांबण्याच्या जागा चौकोनात पाडल्या. सर आले, त्यांनी बघितलं, आणि बराच वेळ दारातच थांबले.

"शेठ, पाया कधी खांदायचा?" वायरमननं विचारलं.

मला दिलेला प्रसंग साधा होता. भाऊ भांडून घर सोडून गेलाय, दहा वर्षांनी परत येतो, बहीण दार उघडते. भाऊ म्हणून मी गुरुजींना घेतलं, कारण त्यांच्या आवाजात कारुण्य आहे. बहीण पार्लरवाल्या ताई. वायरमन शेजारी, त्यानं फक्त खिडकीतून डोकवायचं.

"गुरुजी, तुम्ही दीड फूट आत या," मी म्हणालो. "चौकोनाच्या बाहेर चाललात."

"भावना कुठं आणू?"

"ती नंतर. आधी लेव्हल बघू."

गुरुजी दीड फूट आत आले. ताईंनी दार उघडलं. गुरुजींनी बहिणीला बघितलं, डोळ्यांत पाणी आणलं आणि बंधुप्रेमावर निरूपण सुरू केलं. भरत-राम भेटीपासून निघून ते पाऊण तासात मुक्ताबाईपर्यंत पोचले. ताई दाराची कडी धरून उभ्या. मी मध्ये पडलो, तर ते म्हणाले, पूर्वरंग झाला, आता आख्यान लावतो. त्यांना थांबवण्यासाठी मी एक्झिट दिली. ती त्यांना आवडली. म्हणाले, "एक्झिटची परंपरा आपल्या जिल्ह्यात फार थोर आहे. बाराव्या वर्षी बोहल्यावर 'सावधान' हा शब्द ऐकला आणि समर्थ निघाले ते निघालेच. इतकी नेमकी क्यू कुणी घेतलेली नाही." आणि ते पुन्हा आत येऊन त्या एक्झिटवर बोलू लागले.

दुसऱ्या दिवशीच्या तालमीत वायरमनचा फोन वाजला. कुठंतरी ट्रान्सफॉर्मर उडाला होता. तो खिडकीतूनच गेला. पाच मिनिटांत आमचेही दिवे गेले. अंधारात माझे चौकोन दिसेनात. गुरुजींना कुठं थांबायचं कळेना, ते चाचपडत दाराशी आले. ताईंना कोण आलंय दिसेना. त्यांनी घाबरून विचारलं, "कोण आहे?" गुरुजी, बहुधा तेही घाबरल्यामुळं, एकच शब्द बोलले: "मी."

सर अंधारात टाळ्या वाजवू लागले. म्हणाले, इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी घडलं. वहीत माझ्या दिग्दर्शनापुढं त्यांनी शेरा लिहिला, तो मी चोरून वाचला: 'वीज गेल्यावर उत्तम.'

शेवटचे तीन दिवस ऑडिशनचे. समारोपाला घरच्या लोकांसमोर पंचवीस मिनिटांचं छोटं नाटक करायचं होतं, आणि संहिता निवडली गेली ती मॅडमची. नाव 'वरचा मजला'. त्यांनी वाचून दाखवली. एक सळईचं दुकान. एक दुकानदार. एक म्हातारा शेतकरी, दर दिवाळीला येणारा.

मी ऐकत गेलो आणि माझी छाती फुगत गेली. दुकानदाराची भूमिका! चाळीस वर्षांची तालीम झालेली! बाकीच्यांनी ऑडिशन देणं हा केवळ उपचार होता. मी तर मनात पोशाखही ठरवून टाकला, म्हणजे जो अंगात होता तोच.

ऑडिशनला एकच प्रसंग, दुकानदाराला त्यात एकच महत्त्वाचं वाक्य. मॅडमनी ते जसंच्या तसं लिहिलं होतं: 'बाबा, पण माल उद्या येईन.'

इथं माझ्यातला अभ्यासू जागा झाला. पंधरा दिवस वाचिक अभिनय शिकलेला माणूस 'येईन' कसा म्हणेल? तो येईन, पाऊस येईन, बस येईन असं आमच्याकडं सगळेच बोलतात, पण व्याकरणात 'येईन' मी. माल येतो तेव्हा 'येईल'. मॅडमच्या हातून चूक झाली असावी. रात्री मी आरशासमोर ते वाक्य शुद्ध करून घेतलं. नुसतं शुद्ध नाही, त्याला उंची दिली. 'बाबा' नंतर दीर्घ विराम. 'माल' खर्जात. 'उद्या' वर हात क्षितिजाकडं. आतून बायकोनं विचारलं, "कोण मेलं?"

ऑडिशनच्या आधी गुरुजींनी आमची उजळणी घेतली होती. भरतमुनींनी अभिनयाचे चार प्रकार सांगितले: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. पहिले तीन शिकता येतात, सात्त्विक आतून यावं लागतं. त्याची लक्षणं आठ: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. मोठमोठ्या नटांनाही एका प्रवेशात दोन-तीनच साधतात म्हणाले.

माझं नाव पुकारलं गेलं. मी माझ्याच फक्कीच्या पुसट चौकोनात जाऊन उभा राहिलो. समोर शेतकऱ्याच्या भूमिकेत एक एलआयसीवाला. त्यानं भाव विचारला, कागद काढला, गप्प झाला. आता माझं वाक्य.

मी स्तब्ध उभा. एक मिनिट गेलं.

"स्तंभ," कोपऱ्यातून गुरुजींचा हलका आवाज आला. त्यांनी करंगळी दुमडली.

मे महिना, त्रेचाळीस अंश, पंखा बंद. कपाळावरून धारा लागल्या. "स्वेद." अंगावर काटा आला. "रोमांच, वा!" मी तोंड उघडलं. ज्या आवाजानं चाळीस वर्षं ट्रक मागं घेतले, तो आवाज 'बा' वर चिरकला आणि 'बा' वर पुन्हा चिरकला. "स्वरभंग." क्षितिजाकडं नेलेला हात लटलटू लागला. "वेपथू." ताई कुणाला तरी म्हणाल्या की हे किती पांढरे पडलेत बघा. "वैवर्ण्य," गुरुजी आता उभे राहिले होते. मी कसंबसं "माऽऽल… उद्याऽऽ… येईऽऽल!" असं ओरडलो आणि खांद्यावरच्या पंचानं तोंड पुसायला गेलो, त्या पंचाला सकाळची फक्की होती. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"सात झाले," गुरुजी गहिवरून म्हणाले. "फक्त प्रलय राहिला."

तेवढ्यात सर म्हणाले, "थँक यू, नेक्स्ट." आणि नेक्स्ट म्हणून वायरमन उठला. त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. म्हणजे आठवा पण झाला.

वायरमननं काही केलं नाही. स्टुलावर बसला. एलआयसीवाल्यानं कागद काढला, गप्प झाला. वायरमननं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. वहीत काहीतरी लिहीत राहिला आणि लिहितालिहिता, जणू शाई संपली असं सांगावं तसं, म्हणाला, "बाबा, पण माल उद्या येईन."

सगळे गप्प. मॅडमनी चष्मा काढून पुसला.

भूमिका त्याला मिळाली. मी सरांना कारण विचारलं. ते अवघडून म्हणाले, "तुम्ही दुकानदार वाटत नाही." मी चाळीस वर्षांचं लायसन्स दाखवू शकलो असतो, पण ऑडिशनला कागदपत्रं चालत नाहीत म्हणे.

अपमान इथं संपला असता तर बरं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमन दुकानात हजर. "सरांनी सांगितलंय, शेठ, निरीक्षण करा म्हणून. तुम्ही तुमचं चालू द्या." आणि तो सिमेंटच्या थप्पीवर बसला.

आपल्याला कुणीतरी बघतंय हे माहीत असताना सळई विकून बघा. एरवी मी पेन कानावर ठेवतो का खिशात? मला आठवेना. मी ते दोन्हीकडं ठेवून बघितलं. गिऱ्हाइकाशी बोलताना हात कुठं असतात? मी ते पाठीमागं घेतले, तर गिऱ्हाईक म्हणालं, "कंबर धरली का?" भाव सांगताना मी विराम घेऊ लागलो, प्रत्येक विरामात गिऱ्हाईक किलोमागं एक रुपया कमी मागायचं. दुपारपर्यंत माझं नुकसान तीन-चार हजारांवर गेलं आणि वायरमननं डायरीत काही लिहिलं नव्हतं.

"काही सापडलं का?" मी शेवटी विचारलं.

"तुम्ही जेवायला गेले तेव्हा सापडलं," तो म्हणाला. "तुमचं पोरगं बसलं होतं. ते अगदी तुमच्यासारखं करतं."

प्रयोगाच्या दिवशी मला तिसरी घंटा द्यायचं काम होतं. मी ती दिली. वेळेवर दिली, हे नोंदवून ठेवतो. मग बायकोशेजारी येऊन बसलो. पडदा सरकला आणि वायरमन आत आला: शर्टाची दोन बटणं उघडी, पेन कानावर, गिऱ्हाईक बोलत असताना टेबलावरचा खिळा उचलून कान खाजवायचा आणि तोच खिळा पुन्हा पेटीत टाकायचा. मी असं करत नाही. बायको इतकी हसायला लागली की पुढच्या रांगेतल्यांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं.

"हुबेहूब!" ती डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही किती छान करायलात!"

"तो मी नाही."

"तेच म्हणते मी."

मग तो प्रसंग आला. म्हाताऱ्यानं पिशवीतला कागद काढला. ती हसायची थांबली. वायरमननं वाक्य टाकलं. घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही. चौकात रिक्षा वळताना एवढंच विचारलं, "नऊ वर्षं?" मी म्हणालो, "हो." ती म्हणाली, "खिळा पेटीत नका टाकत जाऊ."

त्या वर्षी दिवाळी झाली, कापूस निघाला. पाडव्यानंतर चौथ्या दिवशी बाबा आले. मी दुकानात होतो, आणि आता शिकलेला होतो, हेच वाईट झालं. त्यांनी बारा एमएमचा भाव विचारला. मी सांगितला. त्यांनी पिशवीतून कागद काढला, उलटा केला, सुलटा केला आणि गप्प झाले. माझं वाक्य होतं. मला माझे हात जाणवायला लागले. खिळा माझ्या बोटांत होता, तो मी घाईनं खाली ठेवला. बाबांच्या डोळ्यांत बघावं की वहीत? वायरमन वहीत बघायचा. मी वहीत बघितलं, घसा साफ केला आणि म्हणालो, "बाबा, पण माल उद्या येईल."

बाबांनी चमकून वर बघितलं. मग दुकानाच्या पाटीकडं बघितलं, आपण भलत्याच दुकानात तर आलो नाही ना म्हणून.

"येईन म्हणा, मालक," हमाल बाजूनं पुटपुटला.

"येईन," मी म्हणालो. "उद्या येईन."

"आस्सं का," बाबांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. कागदाची घडी घालून त्यांनी पिशवीत ठेवली. "मग उद्या येतो." ते पायरी उतरून बसस्टँडच्या दिशेनं गेले. हमाल बारा एमएमच्या बंडलावर बसून तंबाखू मळत होता.